'अहम्' गेला कुठे?

शनिवारी चहा घेत बिसुतूनचा शिलालेख वाचत बसलो होतो. (लिप्यंतर हो, कीलाक्षरं मला कुठली यायला!) इराणात कर्मानशाहजवळच्या कड्यावर दारयुश राजाने इ.स.पू. ५२० च्या सुमारास तो कोरवून घेतला. पहिलाच शब्द 'अदम्', म्हणजे 'मी'. अवेस्तातला 'अज़म्' आणि संस्कृतातला 'अहम्' ही त्याचीच सख्खी भावंडं. इथवर ठीक.

खरी गंमत पुढेच आहे. आजच्या फारसीत 'मी'ला म्हणतात 'मन', आणि तो 'अदम्'वरून आलेलाच नाही! तो आला षष्ठीच्या 'मना'वरून, म्हणजे 'माझं'. बरं, आपला 'मी'? तोही 'अहम्'वरून नाही, तृतीयेच्या 'मया'वरून. दोन्हीकडे प्रथमा गेली आणि भलतीच विभक्ती गादीवर बसली.

यात भूतकाळाचा मोठा हात आहे. 'मी केलं' असं सांगताना दारयुश म्हणतो 'मना कर्तम्', संस्कृतात 'मया कृतम्'. म्हणून तर आपण आजही 'मी काम केलं' पण 'मी चूक केली' म्हणतो. क्रियापद कामाच्या किंवा चुकीच्या मागे जातं, मला विचारतही नाही. अप्रेझलच्या फॉर्मात छाती फुगवून 'मी केलं' लिहावं, तर व्याकरण म्हणतं, 'तुझ्याकडून झालं' इतकंच!

'अहम्' अगदीच संपला नाही म्हणा. गुजरातीत 'हुं' आहे, कोंकणीत 'हांव'. गोव्याला मित्राच्या आई आतून 'हांव येतां' म्हणाल्या, तेव्हा आपली 'हाव' आठवून मी फिस्सकन हसलो होतो. आता वाटतं, जुना शब्द त्यांच्याकडे होता, आणि हसत मी होतो.