विमा आणि विमान

'विमा' आणि 'विमान' या दोन शब्दांत फक्त एका 'न'चा फरक आहे. कानडीत 'विमे' म्हणतात, तिथेही फार लांब जावे लागत नाही. पण हा 'न' केवढा जड असतो, ते मला गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत ग्वाल्हेरला कळले.

आम्ही कॉमर्सवाले. विमान आमच्या अभ्यासक्रमात येते ते फक्त मालवाहतुकीच्या धड्यात, तेही जहाज आणि रेल्वे यांच्यानंतर. त्यामुळे "तू बी. कॉम. करतोस ना, मग सुट्टीत इकडे ये, माझ्या विमानाचे कागद करायचे आहेत" असा मामांचा फोन आला तेव्हा आईने आधी मामांची तब्येत विचारली.

मामा मूळचे आमच्या बेळगावचे. हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. शेवटची नेमणूक ग्वाल्हेरला, मामींचे माहेरही लष्कर भागातलेच, म्हणून निवृत्तीनंतर तिथेच राहिले. (लष्कर म्हणजे छावणी नव्हे हो, गावाचेच नाव! १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ पडला आणि तळाचेच शहर झाले.) बेळगावाहून गोवा एक्सप्रेसने गाडी न बदलता जाता येते. उतरलो तेव्हा दुपारचे ऊन असे होते की स्टेशनच्या नळाचे पाणीसुद्धा चहासारखे लागले.

मुरारच्या बाजूला भाड्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये विमान होते. दोन माणसांचे, लाकडी सांगाड्याचे, वर कापड ताणून रोगण दिलेले. परदेशातून नकाशे मागवून मामांनी सहा वर्षांत ते केले होते. मी हात लावला तर ढोलकीसारखे वाजले.

शेडच्या भिंतीवर वर्तमानपत्राची कात्रणे चिकटवलेली होती. सगळी एकाच माणसाची, कॅप्टन अमोल यादव यांची. मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर या गृहस्थांनी सहा आसनी विमान बांधले. 'टीएसी-००३' हे त्याचे नाव. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. आता विमान तयार आहे म्हटल्यावर उडायला कितीसा वेळ लागणार? नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये, आणि चाचणीचे उड्डाण झाले २०२० मध्ये, तेही मुंबईत नव्हे, धुळ्याच्या धावपट्टीवर. मामा म्हणाले, "लोक म्हणतात गच्चीवर विमान बांधलं, केवढं आश्चर्य! अरे, ते सोपं काम. ते गच्चीवरून उतरवलं आणि कागदावर चढवलं, हे खरं काम."

मामांची अडचण निराळीच होती. ग्वाल्हेरचा विमानतळ आहे महाराजपूरला, हवाई दलाच्या ताब्यात. मिराज जिथून उठतात तिथे मामांचे कापडी पाखरू कोण सोडणार? गंमत अशी की एके काळी, म्हणजे १९३० नंतरच्या दशकात, इंपीरियल एअरवेजच्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा कराची ते कलकत्ता या वाटेवर ग्वाल्हेरजवळच्या तलावात थांबा होता. तेव्हा साहेबाची विमाने गावच्या पाण्यात उतरत, आज गावच्या माणसाला गावात जागा नाही! पंख सोडवून विमान ट्रकवर घालायचे आणि दुसऱ्या एखाद्या धावपट्टीवर न्यायचे असा बेत होता. मामा स्वतः वैमानिक नाहीत. हवाई दलातून निवृत्त झालेले एक साहेब पहिले उड्डाण करून द्यायला तयार झाले होते.

पहिले काम वजनाचे. दाल बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून तीन तोलकाटे उसने आणले. धान्याचे काटे विमानाला हवेत कशाला, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत पटले नाही. प्रत्येक चाकाखाली एक काटा. पुढच्या दोन चाकांवर ११८ आणि ११६ किलो, शेपटीच्या चाकावर १४. एकूण २४८. मग शेपटीचे चाक पुढच्या चाकांपासून ४.२ मीटर मागे, म्हणून १४ गुणिले ४.२, भागिले २४८. म्हणजे सारा भार पुढच्या चाकांच्या मागे सुमारे २४ सेंटीमीटरवर एकवटतो. मी ओरडलोच, "मामा, हा तर आमचा भारित माध्य!" संख्याशास्त्राच्या पेपरात या प्रकरणाने मला दोनदा रडवले होते. दोन माणसे आणि पेट्रोल धरून ४२७ किलो झाले. अतिहलक्या विमानाची आपल्याकडची मर्यादा ४५० ची. मामींनी दोघांना जास्तीची एकेक पोळी वाढली आणि म्हणाल्या, "तेवीस किलो बाकी आहेत ना!"

मग विम्याचा फॉर्म. विमान किती किमतीचे? मामांनी बिस्किटांचा डबा उघडला, त्यात सहा वर्षांची बिले. लाकूड, इंजिन, कापड, खिळेसुद्धा. बेरीज मी दोन रात्रीत केली. पण मजुरी? सहा वर्षांच्या संध्याकाळी कुठल्या खात्यावर लिहायच्या? आगीच्या विम्यात नुकसान होईल तेवढेच भरून मिळते, विमानाच्या बाबतीत बहुधा किंमत आधीच ठरवून घेतात, असे मी ऐटीत समजावून सांगितले. विमान नुसते उभे असतानाचा विमा वेगळा, उडतानाचा वेगळा. आणि सर्वांत महत्त्वाचा, खाली ज्याच्या घरावर ते पडेल त्या परक्या माणसाचा. मामा ऐकत होते. पेन्शनीतून हप्ता किती जाईल, हे मामी ऐकत होत्या.

फॉर्मच्या शेवटी प्रतिज्ञा होती. वर दिलेली माहिती खरी असून महत्त्वाची कोणतीही गोष्ट लपवलेली नाही, वगैरे. आमच्या सरांनी यावर तीन तास घेतले होते. विम्याचा करार परम सद्भावाचा. विकणाऱ्याच्या मालात खोट असेल तर ती घेणाऱ्याने पाहून घ्यावी हा बाजाराचा नियम, पण विम्यात ज्याला ठाऊक आहे त्यानेच सांगायचे, कोणी विचारले नाही तरीसुद्धा. मी आपला परीक्षेतल्यासारखे बोलून गेलो आणि सहज विचारले, "तसं काही नाही ना, मामा?"

मामा मामींकडे बघून कानडीत म्हणाले, "होगलि बिडू." म्हणजे जाऊ दे, सोड.

मी पेन खाली ठेवले. थोड्या वेळाने पुन्हा कानडीतच, हळू आवाजात, "एडगडे रेक्के सरी इल्ल." डावा पंख ठीक नाही.

तीन वर्षांपूर्वीचा जुलै. दमट हवा, डाव्या पंखाच्या मुळाशी मुख्य तुळईचा सांधा चिकटवायचा होता. गोंद कालवला आणि दिवे गेले. शिकंजे लावायला उशीर झाला. प्रत्येक सांध्याबरोबर त्याच गोंदाचा एक नमुना करून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो मोडून बघायचा असतो. सांधा पक्का असेल तर लाकूड फाटते, गोंद सुटत नाही. मामांनी कपाटातून तो नमुना काढून माझ्या हातात दिला. दोन्ही तुकडे काचेसारखे गुळगुळीत होते. लाकडाचा एक धागा उपटला नव्हता.

इंग्लंडमध्ये घरी विमान बांधणाऱ्याकडे तपासनीस टप्प्याटप्प्याने येतो आणि त्याने पाहिल्याशिवाय पंखावर कापड चढवत नाहीत, हे मामांनीच मला पहिल्या दिवशी सांगितले होते. स्वतःच्या पंखावर मात्र त्या दिवाळीत कापड चढवून टाकले. "कदाचित आत सांधा चांगलाही असेल. नमुना तेवढा बिघडला असेल." तपासायला येणाऱ्याला बाहेरून काय दिसणार? छान रोगण दिसणार. आणि वर बसणार ते साहेब, मामांच्या शब्दावर.

मी वीस वर्षांचा, त्यांच्या घरी पाहुणा. काय बोलणार? मी म्हणालो, "मामा, हे लिहावं लागेल. नाहीतर मी फॉर्म भरत नाही."

"तू शाळेतला हिशेब सांगू नकोस," मामा एकदम चिडले. माझेही डोळे भरून आले असावेत. स्वयंपाकघराच्या दारातून मामी म्हणाल्या, "तीस वर्षं संसार केलाय. तुमची कानडी येत नाही मला, पण 'सरी इल्ल' कळतं."

त्या रात्री कूलरचा आवाज सोडला तर घरात कोणी बोलले नाही.

सकाळी सहालाच मामा मला उठवायला आले. मामींची शिवणाची मोठी कात्री त्यांच्या हातात होती. शेडमध्ये पंखाच्या मुळापाशी त्यांनी पेन्सिलीने एक चौकोन आखला, एका कोपऱ्यात कात्रीचे टोक टेकवले आणि तसेच थांबले. मग कापड टर्रकन फाटले. आत टॉर्च धरायचे काम माझे. सांध्यात पातळ सुरी घातली, ती जिथे अडायला हवी होती तिथे अडली नाही, निम्मी आत गेली.

मामांनी काही म्हटले नाही. सुरी पुसली, बाहेर येऊन पायरीवर बसले आणि साहेबांचा नंबर शोधू लागले. मी म्हटले, "मी सांगू का त्यांना?"

"नको. मीच सांगतो. तू ते किमतीचं पान काढ, डाव्या पंखाचं लाकूड वजा कर."