सेवा नेमकी कोणी कोणाची केली?

कॅथलिक शाळेत शिकलेल्या कुठल्याही पोराला 'सेवा' आणि 'त्याग' हे दोन शब्द तोंडपाठ असतात. मी स्वतः ख्रिश्चन नाही, वर्गातली बरीचशी मुलंही नव्हती. पण दहा वर्षं रोज असेंब्लीत ऐकलं की मुरतंच ते. आता ऑफिसात दिवसभर 'सर्व्हिस' हा शब्द ऐकतो तो फक्त क्लायंटसाठी, ही गोष्ट वेगळी!

नववीत आम्हाला श्रमदानाला वेल्ह्यात नेलं होतं (तालुक्याचं नाव आता राजगड). ओढ्यावर गोण्या रचून बंधारा घालायचा. तासाभरात हाताला फोड आले आणि आपण फार थोर आहोत असं वाटायला लागलं. तेवढ्यात एका आजीनं विचारलं, "कुठनं आला रं पोरांनो?"

"पुण्याहून."

"म्हंजी आमचंच पानी पिताय की!" आजी हसून निघून गेली.

तेव्हा आम्हीही हसलो. पण खरं होतं ते. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतली पानशेत आणि वरसगाव ही दोन मोठी धरणं याच तालुक्यातली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठचं पुणं कसं बुडालं, हे प्रत्येक पुणेकर घरात ऐकत मोठा होतो. धरणाच्या पोटात आंबी आणि मोसे खोऱ्यातली गावं, भातखाचरं गेली, ते मात्र कोणी सांगत नाही. शेजारच्या भोरमध्ये तेच. वेळवंडीवरचं भाटघर धरण इंग्रजांनी १९२० च्या दशकात पुरं केलं, पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे गेलं. आणि पावसाळ्यात धो धो पाऊस झेलणाऱ्या डोंगरातल्या वाड्यांवर मे महिन्यात बायका हंडे घेऊन चालतात.

म्हणजे त्याग दोन प्रकारचा असतो. एक आपण होऊन केलेला. जेझुइट फादर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात, पगार मिळाला तरी तो संघाकडे जमा. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे, १९४८ मध्ये भारतात आले आणि नगर जिल्ह्याच्या दुष्काळी भागात पाणलोटाच्या कामात आयुष्य घातलं. १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबोंबरोबर 'वॉटर' ही संस्था काढली. २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्या पद्धतीत गावानं आधी श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची. कष्ट गावाचे, पण अडवलेलं पाणीही गावाचंच.

दुसरा त्याग लादलेला. तो करणाऱ्याला कोणी विचारत नाही, त्याचा फोटो शाळेच्या हॉलमध्ये लागत नाही. वेल्ह्याचा त्याग हा असा.

जेझुइटांचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी १९७३ मध्ये स्पेनमधल्या वालेन्सियात माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण केलं होतं. आपल्या शाळांनी तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, असा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला आणि प्रामाणिक उत्तर 'नाही' असंच दिलं. समोरचे काही माजी विद्यार्थी चांगलेच चिडले म्हणे. साहजिक आहे. देणगी मागितली असती तर सगळ्यांनी आनंदानं दिली असती. इथे प्रश्न हिशोबाचा होता.

आपलंही तसंच आहे. तोरणा-राजगडला ट्रेक, येताना झेडपीच्या शाळेत वह्यावाटप, संध्याकाळी फोटो. वह्या जरूर वाटा, मुलांना उपयोगी पडतात. पण सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीत त्याच पाण्यानं पाइप लावून गाड्या धुतात, तेव्हा मला ती आजी आठवते. तिच्या खात्यात आपली रक्कम जमेला नाही, नावे आहे. म्हणून आमच्या ट्रेकच्या ग्रुपला मी सुचवलंय, यंदा वह्यांच्या आधी वाडीवर जाऊन विचारू या, उन्हाळ्यात पाणी कुठून आणता आणि त्यासाठी काय करता येईल. आणि त्या उपक्रमाला 'सेवा' म्हणायचं नाही. देणं लागतो, ते फेडतोय, एवढंच.

तुमच्या नळाचं पाणी कुठल्या गावावरून येतं, माहितीये?