फार उंचावर ठेवलेला दिवा

एप्रिल महिना लागला की आपल्याकडे 'दीपस्तंभ' हा शब्द बॅनरवर चढतो. 'शोषितांचे दीपस्तंभ', 'ज्ञानाचे दीपस्तंभ', 'समतेचे दीपस्तंभ'. शब्द चांगला आहे, माझी त्याच्याशी काही तक्रार नाही. पण तो वापरणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी खरा दीपस्तंभ जवळून पाहिला आहे? माझ्यासारख्या मराठवाड्यातल्या माणसाने समुद्रच पहिल्यांदा पाहिला तो ६ डिसेंबरला, चैत्यभूमीच्या रांगेत उभं राहून. आणि दीपस्तंभ जवळून पाहिला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी, थेट दक्षिण आफ्रिकेत, केप पॉइंटला. तिथे जे कळलं त्यावरून आपल्या चळवळीबद्दल मला काही बोलायचं आहे.

केप टाउनला मी एका परिषदेसाठी गेलो होतो. आंबेडकरी माणसाला हा देश अगदीच परका नाही. २००१ साली याच देशात, डर्बनच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत, आपल्या कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न जगापुढे मांडला होता. आणि जात म्हणजे वंश नव्हे असं म्हणत भारत सरकारने तो अजेंड्यावर येऊ नये म्हणून सगळा जोर लावला होता. परिषद संपल्यावर एक दिवस मोकळा होता, म्हणून आम्ही चौघे गाडी करून केप पॉइंटला निघालो.

वाटेत सायमन्स टाउन लागतं. नौदलाचं बंदर, समुद्राला लागून एकच मोठा रस्ता, मागे डोंगर, जुनी टुमदार घरं. पर्यटक इथे पेंग्विन बघायला थांबतात. आमच्या ड्रायव्हरने मात्र डोंगराच्या उताराकडे बोट करून सांगितलं, की इथे त्याच्या आईचं घर होतं. १९६७ साली सरकारने हे गाव 'फक्त गोऱ्यांसाठी' म्हणून जाहीर केलं. सुमारे ७,००० माणसं उठवली गेली. त्यांच्यातल्या ज्यांना तो कायदा 'कलर्ड' म्हणायचा, त्यांच्यासाठी डोंगरापलीकडे वसाहत काढली. काळ्यांना आणखी लांब, गुगुलेथूला पाठवलं. समुद्रकाठावरून उठवलेल्या माणसांच्या त्या नव्या वसाहतीला सरकारने नाव दिलं 'ओशन व्ह्यू'. नाव ठेवणाऱ्याला लाज वाटली नसेल का, असं मी विचारलं. ड्रायव्हर नुसता हसला.

त्यांना गावाबाहेर काढायला कायदा करावा लागला, राजपत्रात छापावं लागलं. आपल्याला गावकुसाबाहेर ठेवायला कधी कागदसुद्धा लागला नाही. गाडी पुढे जाईपर्यंत माझ्या डोक्यात हेच चालू होतं.

मग वस्ती संपते आणि राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते. झाड असं नाहीच, गुडघाभर उंचीची खुरटी झुडपं आणि खडक. वारा असा की गाडीचा दरवाजा हातातून सुटतो. बबून माकडं पार्किंगमध्ये बिनधास्त फिरतात. एकाने आमच्या डोळ्यांदेखत एका बाईच्या हातातलं सँडविच पळवलं. इथे दोन महासागर मिळतात असं सगळे गाइड सांगतात, पण आफ्रिकेचं खरं दक्षिण टोक अगुल्हास आहे, इथून बरंच आग्नेयेला. खोटं पण आकर्षक असं काही सांगितलं की माणसं फोटो जास्त काढतात. हा धंदा आपल्याकडच्या तीर्थक्षेत्रांनाही चांगला ठाऊक आहे.

वर जायला छोटी रेल्वे आहे आणि पायऱ्याही. आम्ही पायऱ्यांनी चढलो. शिखरावर जुना दीपस्तंभ आहे. जेमतेम नऊ मीटरचा बुटका, बिडाचा बुरूज. पण उभा आहे समुद्रापासून सुमारे २४० मीटर उंच कड्याच्या माथ्यावर. १८५९ मध्ये बांधला आणि १ मे १८६० ला पहिल्यांदा पेटवला. बांधणाऱ्यांचा हिशोब सरळ होता: दिवा जितका उंच तितका लांबून दिसेल. स्वच्छ रात्री तो खरोखरच साठ-पासष्ट किलोमीटरवरून दिसायचा.

पण या कड्याच्या डोक्यावर ढग येऊन बसतात. खाली पाण्यावर सगळं स्वच्छ असतं आणि वर दिवा ढगात गुडूप. वर्षातले सुमारे ९०० तास हा दिवा पेटलेला असूनही कुणाच्या उपयोगाचा नव्हता. म्हणजे तेल जळतंय, राखणदार जागा आहे, सरकारी दप्तरात दिवा 'चालू' आहे, आणि खालच्या जहाजाला काळोख. दुसरी भानगड अशी की स्वच्छ हवेत तो फार लवकर दिसायचा. पश्चिमेकडून येणारी जहाजं त्याच्या भरवशावर वळसा घेताना खडकांच्या फार जवळ यायची.

पन्नास वर्षं हे असंच चाललं. १८ एप्रिल १९११ च्या मध्यरात्री लुझिटानिया नावाचं पोर्तुगीज जहाज धुक्यात बेलोज रॉक या खडकावर चढलं. (टॉर्पेडोने बुडालेलं प्रसिद्ध लुझिटानिया वेगळं, ते इंग्रजांचं.) जहाजावर ७७४ माणसं होती. त्यांची नोंद कशी आहे ती बघा. पहिल्या वर्गाचे प्रवासी २५, दुसऱ्या वर्गाचे ५७, तिसऱ्या वर्गाचे १२१. आणि त्यानंतर, कुठलाच वर्ग नसलेले, ४७५ आफ्रिकन मजूर. तीन वर्ग आणि त्यांच्याही खाली, मोजणीबाहेरच्या मोजणीत, सगळ्यात जास्त माणसं. ही रचना आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. एक होडी उलटून आठ जण बुडाले, बाकीचे वाचले. दोन दिवसांनी जहाज खडकावरून घसरून तळाला गेलं.

तेव्हा कुठे जाग आली. दिवा खाली आणायचं ठरलं. त्याच टोकाच्या पुढच्या सुळक्यावर, समुद्रापासून फक्त ८७ मीटरवर, नवा दीपस्तंभ बांधला. १९१४ ला काम सुरू झालं आणि १९१९ ला दिवा लागला. आज तो दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा सर्वांत प्रखर दिवा समजला जातो. वरून एक अरुंद पायवाट त्याच्या दिशेने जाते. कड्याच्या कडेकडेने आम्ही तिच्या टोकापर्यंत गेलो. आत जाऊ देत नाहीत, वरूनच बघायचं. गंमत अशी की त्या वाटेवर आमच्याशिवाय पाच-सहा माणसंच होती. सगळी गर्दी वर, विझलेल्या दिव्यापाशी फोटो काढत होती.

आता आपल्याकडे येतो. हैदराबादला २०२३ च्या १४ एप्रिलला बाबासाहेबांचा १२५ फुटी पुतळा उभा राहिला. जानेवारी २०२४ मध्ये विजयवाड्याला तेवढाच पुतळा, चौथऱ्यासह २०६ फूट. मुंबईत इंदू मिलच्या जागेवर आधी ठरलेली उंची कमी वाटली, म्हणून २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती वाढवून चौथऱ्यासह ४५० फूट केली. प्रत्येक पक्षाला आपल्या बापाची उंची वाढवायची घाई झाली आहे. त्याच सरकारांच्या समाजकल्याण खात्यात शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर का येत नाही, हे विचारायला गेलं की 'पोर्टल बंद आहे' असं उत्तर मिळतं. माझ्या स्वतःच्या पदवीची गुणपत्रिका कॉलेजने सात महिने अडवून ठेवली होती. कारण एकच, सरकारकडून फी आली नव्हती. त्या सात महिन्यांत मी एका नोकरीच्या मुलाखतीला मुकलो. सरकारी दप्तरात माझी शिष्यवृत्ती तेव्हाही 'मंजूर' होती.

मी हे बोललो की माझा एक जवळचा सहकारी चिडतो. तो म्हणतो, "सर, पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा झाला तेव्हा कुणी शिष्यवृत्तीचा हिशोब काढला नाही. मग आपल्याच बापाच्या वेळी पट्टी घेऊन का बसता?" त्याचा मुद्दा हलका नाही. पुतळा आपल्यासाठी कधीच नुसता दगड नव्हता. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसं गेली. ज्यांनी पुतळ्यासाठी रक्त सांडलं, त्यांना पुतळ्याची गरज काय असं विचारायचा अधिकार कुणालाच नाही.

पण रमाबाई नगरातला तो पुतळा किती उंच होता? वस्तीच्या तोंडाशी, माणसाच्या हाताला लागेल असा. गावोगावचे आपले पुतळे असेच आहेत. आमच्या वस्तीतला अर्धपुतळा फार तर तीन फुटांचा, वर्गणीतून आणलेला. त्याच्या चौथऱ्याशेजारी आमच्या एका निवृत्त पोस्टमन काकांनी काळा फळा ठोकला होता. त्यावर ते खडूने लिहायचे: शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, वसतिगृहाच्या प्रवेशाची तारीख, जातीच्या दाखल्याला लागणारे कागद, तलाठी कुठल्या वारी भेटतो. ग्रामपंचायतीचा एकच बल्ब तिथे होता, म्हणून दहावीची पोरं रात्री तिथेच बसायची. मी त्यांतलाच एक. आमच्या वस्तीतून नर्स झाल्या, शिक्षक झाले, दोघे इंजिनियर झाले, ते त्या फळ्यावरच्या तारखा वाचून. म्हणून पुतळा हवा की नको हा माझा प्रश्नच नाही. तो कुणाला दिसण्यासाठी उभा करतोय, एवढंच मला विचारायचं आहे. विमानातल्या माणसाला, की फी भरायची तारीख न कळल्यामुळे घरी बसणाऱ्या पोरीला?

बाबासाहेबांचं स्वतःचं काम बघा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात पोहोचल्यावर त्यांनी तिथे बसून अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारी तिजोरीतून शिष्यवृत्तीचा पैसा काढला. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि वर्ग भरवले सकाळचे, कारण आपली पोरं दिवसा नोकरी करतात. घड्याळाची वेळसुद्धा त्यांनी खालच्या माणसाच्या सोयीने लावली. आणि १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला त्यांनी जी खंत बोलून दाखवली, ती वर पोहोचलेल्या शिकलेल्या माणसांबद्दल होती. आपल्यातले जे अधिकारी झाले, प्राध्यापक झाले, परदेशी परिषदांना जाऊ लागले, त्या सगळ्यांना ती लागू आहे. मलाही. आपला माणूस कलेक्टर झाला की आपण सत्कार करतो, फेटा बांधतो. तो ढगात गेला की खाली कुणाला दिसतो, हे विचारायला आपल्याला अवघड वाटतं.

केप पॉइंटचा जुना बुरूज पाडलेला नाही. तो आहे तिथेच आहे, लोक बघायला जातात, जावंच. इंदू मिलचं स्मारकही व्हावं, आणि तिथे मोठं ग्रंथालय उभं राहतंय का यावर आपण पुतळ्याच्या उंचीपेक्षा जास्त डोळे ठेवावेत.

पोस्टमन काका चार वर्षांपूर्वी गेले. फळा तसाच आहे, पण गेल्या जयंतीला त्यावर डीजेवाल्याचं पोस्टर चिकटवलेलं होतं. या वेळी जयंती समितीच्या बैठकीत बरीच वादावादी झाली. डीजे पूर्ण बंद करायला पोरं तयार नव्हती. शेवटी एक दिवसाचा डीजे कमी झाला आणि ते पैसे फळ्याला, बल्बला आणि एका प्रिंटरला द्यायचं ठरलं. बारावी झालेल्या दोन मुलींनी महाडीबीटीचे अर्ज भरून द्यायचं काम अंगावर घेतलं आहे, रोज संध्याकाळी सात ते नऊ. गेल्या रविवारी त्यांनी ते पोस्टर पाण्याने भिजवून खरवडून काढलं. खाली काकांनी लिहिलेली एक तारीख अजून अर्धवट दिसत होती.