वहीचे पहिले पान

आमच्या शाळेच्या निसर्गमंडळाची मुले परवा एक वही घेऊन माझ्या खोलीत आली. दिवाळीच्या सुटीनंतर जांबोटीच्या रानात तीन दिवसांचे शिबिर घ्यायचे आणि झाडे, कीटक, पक्षी यांच्या नोंदी करायच्या, असा त्यांचा बेत. सामानाची यादी झकास होती. मी ती वाचली आणि म्हणालो, "सगळं ठीक आहे. फक्त पहिलं पान कोरं सोडा. ते आपण मिळून लिहू." मुले बुचकळ्यात पडली. तसे मी का म्हणालो, ते सांगायला हवे.

भूगोल घेऊन एम.ए. करीत असताना आल्फ्रेड रसेल वॉलेसचे चरित्र माझ्या हाती लागले. हा माणूस मला जवळचा वाटला, कारण १८४४ साली तो लीस्टरमध्ये शाळामास्तर होता. तिथेच त्याची हेन्री वॉल्टर बेट्सशी ओळख झाली. बेट्सला भुंगेरे गोळा करण्याचा नाद. तो वॉलेसलाही लागला. १८४७ मध्ये ॲमेझॉनच्या प्रवासाचे एक नवे पुस्तक वाचून दोघांनी तिकडच्या सदाहरित अरण्यात जायचे ठरवले. प्राण्यांच्या जाती मुळात निर्माण होतात कशा, हा त्यांचा प्रश्न. गाठीला पैसा नाही, पण बेत मोठा हिशेबी. ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन चौकशी केली; लंडनमध्ये सॅम्युएल स्टीव्हन्स नावाचा दलाल गाठला. एकेक नमुना स्वतःसाठी ठेवायचा, जास्तीचे स्टीव्हन्सने विकायचे आणि त्यावर मोहीम चालवायची. २६ एप्रिल १८४८ रोजी पंचवीस वर्षांचा वॉलेस आणि तेवीस वर्षांचा बेट्स लिव्हरपूलहून निघाले. २८ मे रोजी पाराला पोचले.

इथपर्यंत वाचून मी पुस्तक मिटले आणि स्वतःच बेत आखायला बसलो. ते १९९६ साल. मी तरुण सहशिक्षक. नववीची बावीस मुले घेऊन खानापूरच्या रानात जायचे ठरले. भिंगे, झाडपाला दाबायला जुनी वर्तमानपत्रे, दोरखंड, जळवांसाठी मीठ, काही म्हणून विसरलो नाही. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी यादी पाहिली आणि एवढेच विचारले, "सगळ्यांच्या मागून कोण चालणार?" मला तो प्रश्न म्हाताऱ्या माणसाची किरकिर वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. परतीचा पऱ्ह्या फुगायच्या आत ओलांडावा म्हणून मी पुढे धावत सुटलो. पलीकडे जाऊन मुले मोजली. एकवीस. पुन्हा मोजली. एकवीसच. त्या दीड तासात मी काय केले, ते मला आजही नीट आठवत नाही. फक्त त्या मुलाच्या आईचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. शेवटी एक म्हातारा गवळी धनगर वरच्या अंगाने, पाणी उथळ होते तिथून, त्याला खांद्यावर घेऊन आला. पोरगा एका मोठ्या काळ्या-पिवळ्या फुलपाखरामागे वाट सोडून गेला होता. म्हाताऱ्याने त्याला खाली ठेवले आणि म्हणाला, "मास्तर, फुलपाखरं उद्याबी गावतील."

घरी आल्यावर मी ते पुस्तक पुरे वाचले. १८४९ मध्ये वॉलेसचा धाकटा भाऊ हर्बर्ट त्याच्या मदतीला आला. वय वीस. त्याला हे काम रुचले नाही, त्याने परत जायचे ठरवले. इंग्लंडचे जहाज गाठायला पाराला आला आणि जून १८५१ मध्ये तिथेच पिवळ्या तापाने गेला. शुश्रूषा करणारा बेट्सही त्याच तापाने आजारी पडला. वॉलेस तेव्हा दूर रिओ नेग्रोच्या वरच्या अंगाला. भाऊ गेल्याचे त्याला कळायलाच कित्येक महिने लागले. पुढे १८५२ मध्ये परतताना भर समुद्रात जहाजाला आग लागली, बरोबरचा संग्रह जळाला, दहा दिवस उघड्या होडीत काढावे लागले. स्टीव्हन्सने विमा उतरवून ठेवला होता, म्हणून थोडीफार रक्कम हाती आली. किड्यांची भरपाई झाली. हर्बर्टची कशी व्हावी?

तरीही १८५४ मध्ये वॉलेस पुन्हा निघाला, मलाया द्वीपसमूहाकडे, आणि तिथेच १८५८ मध्ये त्याला आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडले. म्हणून रानात जाऊ नका, असे मी मुलांना कधीच सांगणार नाही. ज्या मुलाने एकदाही वाट सोडली नाही, त्याला फुलपाखरू तरी कुठून दिसणार? पण त्याने वाट सोडली, हे कोणाच्या तरी लगेच लक्षात यायला हवे. ते काम मोठ्यांचे.

काल आम्ही ते पहिले पान लिहिले. चोवीस मुलांची नावे, घरचे फोन, रोज किती वेळा मोजणी, पाऊस आला तर कुठे थांबायचे, आणि वाट दाखवायला गावातला कोण येणार. एका मुलीने विचारले, "सर, सगळ्यांच्या मागून कोण चालणार?"

तिथे मी माझे नाव लिहिले.