एका पायावरचा बासरीवाला आणि कर्जत लोकल

मुलांनो, आज आधी एक कोडं घालते. बासरी वाजवतो, पण गोकुळातला नाही. एका पायावर उभा राहतो, पण बगळा नाही. त्याच्या मेळ्याला नाव आहे एका शेतकऱ्याचं, पण मेळ्यात कुणाच्याच हाती नांगर नाही. सांगा पाहू कोण?

हरलात ना? आई-बाबांना विचारा. कदाचित तेही हरतील! उत्तर आहे इयन अँडरसन. हा १९४७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला. त्याच्या बँडचं नाव जेथ्रो टल. गिटार आणि ड्रमच्या दणदणाटात हा बाबा एक पाय गुडघ्यात दुमडून उभा राहतो आणि बासरी वाजवतो.

"बाई, पण याचा आपल्या कर्जत-खालापूरशी काय संबंध?" माझ्या चौथीतल्या मुलांनीही हेच विचारलं. संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. पण तो बसल्या जागी कळायचा नाही. चला, गाडीत बसू या.

डब्यातली मैफल

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून कर्जत लोकल पकडायची. अंतर शंभर किलोमीटर, वेळ साधारण दोन तास. ठाणे, कल्याण, बदलापूर गेलं की इमारती विरळ होतात. वांगणी, शेलू आणि मग नेरळ. नेरळला उजव्या हाताला माथेरानचा डोंगर दिसतो. पावसाळ्यात त्याच्या अंगावरून पांढरे धबधबे लोंबत असतात. पुढे भिवपुरी रोड, आणि मग आलंच कर्जत. इथे वडापाव खायचा. पुढे बोरघाट चढायचा म्हणून पुण्याच्या बहुतेक गाड्यांना इथे मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. ती कशी लागतात, तेही बघून घ्या.

या लोकलमध्ये रोज जाणारी माणसं सकाळी अंधारात घर सोडतात आणि रात्री अंधारातच परततात. मग ती डब्यात काय करतात? गातात! डब्यात भजनी मंडळ जमतं. टाळ निघतात. एक जण अभंग सुरू करतो आणि बाकीचे धरतात. ढोलकी नसेल तर डब्याचा पत्रा असतोच. तिकीट पासाचं, मैफल फुकट!

आमच्या शेजारचे काका याच डब्यातले. फोर्टमधल्या कचेरीत त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. भजनाला त्यांचा आवाज खणखणीत. पण त्यांना दुसरंही एक वेड होतं, रॉक संगीताचं. मुंबईत धोबी तलावाजवळ रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह होतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तिथे रॉक संगीताचे मोठे मेळावे भरत. स्टेशनापासून चालत जाण्याइतकं जवळ. काका कचेरीतून सुटले की तिकडे जात. मात्र मध्यरात्रीच्या सुमाराची शेवटची कर्जत चुकली की संपलं! रात्र फलाटावर. म्हणून शेवटचं गाणं त्यांनी कधी पुरतं ऐकलंच नाही म्हणे. एक डोळा रंगमंचावर आणि एक घड्याळावर.

पाऊण तासाचं एक गाणं

काकांना सर्वांत आवडायचा तो प्रोग्रेसिव्ह रॉक. हा काय प्रकार? सिनेमातलं गाणं पाच मिनिटांत संपतं. मुखडा, अंतरा, मुखडा, झालं. प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांना एवढ्यानं भागत नाही. त्यांचं गाणं कीर्तनासारखं असतं. आधी नमन, मग अभंग, मग आख्यान, मध्येच हळू, मध्येच जोरात, आणि फिरून पुन्हा मूळ पदावर.

जेथ्रो टलनं १९७२ साली 'थिक अॅज अ ब्रिक' नावाची तबकडी काढली. त्या अख्ख्या तबकडीवर एकच गाणं होतं! पाऊण तासाच्या आसपासचं. एक बाजू संपली की तबकडी उलटायची आणि तेच गाणं पुढे ऐकायचं. वेष्टनावर एक खोटंखोटं वर्तमानपत्र छापलं होतं. त्यात बातमी अशी की, हे गाणं आठ वर्षांच्या एका मुलानं लिहिलंय. तो मुलगाही काल्पनिकच. कित्येकांना मात्र ते खरं वाटलं!

आणखी एक गंमत सांगते. इयन आधी गिटार वाजवायचा. १९६७ साली त्यानं गिटार देऊन बासरी घेतली आणि स्वतःच फुंकून फुंकून शिकला. गुरू नाही, पुस्तक नाही. जगभर नाव झालं. पुढे वीसेक वर्षांनी त्याची मुलगी शाळेत बासरी शिकू लागली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपली बोटं चुकीच्या भोकांवर पडतायत! मग एवढा मोठा कलाकार पुन्हा पहिल्यापासून बोटं ठेवायला शिकला. आहे की नाही? शुद्धलेखन पुन्हा लिहायला सांगितलं की तोंड वाकडं करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

ऑर्गनमधून निघालेली पाभर

आता कर्जतला गाडी बदलू. खोपोलीची गाडी वेगळी. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली. अवघे पंधरा किलोमीटर. पण हा फाटा फार जुना बरं का! १८५६ साली आगगाडी इथवर आली. बोरघाटातून लोहमार्ग जायला १८६३ साल उजाडलं. तोवर उतारू खोपोलीला उतरून पालखीनं नाहीतर घोड्यावरून घाट चढत.

खिडकीबाहेर काय दिसतं? भातखाचरं. जुलैत आलात तर गुडघाभर चिखलात वाकलेल्या आयाबाया दिसतील. आधी राब भाजायचा, त्यावर बी पेरायचं, रोपं वीतभर झाली की उपटून चिखलात आवणी करायची. कंबर मोडते हो! हीच आमच्या भागाची खरी मेहनत. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे. 'कर्जत-३' सारखी भाताची वाणं तिथूनच निघाली. तुमच्या घरच्या पोत्यावर हे नाव शोधा.

आणि इथेच आपल्या कोड्यातला शेतकरी भेटतो. जेथ्रो टल हा खरोखरीचा माणूस होता. इंग्लंडमध्ये १६७४ साली जन्मलेला. त्या काळी तिकडे बी मुठीनं फेकून पेरत. निम्मं वाया जाई. टलला ऑर्गन या वाद्याची चांगली माहिती होती. आपल्या संगीत नाटकांत पायानं भाता मारून वाजवायचा ऑर्गन असे ना, त्याचाच हा थोरला भाऊ. ऑर्गनची पट्टी दाबली की झडप उघडते आणि तेवढ्यापुरतीच हवा नळीत शिरते. टलच्या मनात आलं, बीसुद्धा असंच मोजून सोडता आलं तर? १७०१ च्या सुमाराला त्यानं घोड्यानं ओढायचं पेरणीयंत्र बनवलं. बी सरळ ओळीत, सारख्या अंतरावर पडू लागलं. आपल्याकडे घाटावर पाभर आणि तिफण त्याच्याही आधीपासून चालत आली आहे. पण वाद्यावरून सुचलेली पाभर ही टलचीच!

मग हे नाव बँडला कसं मिळालं? सुरुवातीला या मुलांना कुणी पुन्हा बोलवत नसे. म्हणून दर थोड्या दिवसांनी ते नवं नाव लावून जात. त्यांचे कार्यक्रम ठरवणाऱ्या कचेरीतल्या एकाला इतिहासाची आवड होती. त्यानं हे नाव सुचवलं. ज्या रात्री हे नाव होतं, त्या रात्रीनंतर क्लबवाल्यानं त्यांना परत बोलावलं. झालं, नाव चिकटलं. म्हणजे वाद्यातून पाभर निघाली आणि पाभरवाल्याचं नाव पुन्हा वादकांना गेलं.

आमच्या कर्जत तालुक्यातही असं डोकं चालवणारे आहेत. नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भात लावायची नवी रीत काढली. चिखलणी नाही, आवणी नाही. गादीवाफे करायचे, लोखंडी साच्यानं सारख्या अंतरावर भोकं पाडायची आणि त्यांत थेट बी टोकायचं. कमरेचं दुखणं वाचतं. सहल काढाल तर तिथे जरूर जा. साचा हातात घेऊन बघा.

२००८ सालची ती मैफल

आता जरा शांतपणे ऐका.

२००८ साली जेथ्रो टल मुंबईत येणार होते. सोबत सतारीवर अनुष्का शंकर, म्हणजे पंडित रविशंकरांची मुलगी. तारीख ठरली २९ नोव्हेंबर. काकांनी तिकीट काढून देवघरात ठेवलं होतं! मी तेव्हा डीएडला होते. आम्ही त्यांना खूप हसलो.

आणि २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईवर अतिरेक्यांनी हल्ला केला. कर्जत लोकल जिथून सुटते, त्या स्टेशनातही गोळीबार झाला. तिथे ५८ माणसं गेली. त्या रात्री विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक स्टेशनात कामावर होते. रोज गाड्यांच्या वेळा सांगणारे. त्यांना वरून सारं दिसत होतं. ते पळाले नाहीत. प्रवाशांनी कुठल्या बाजूनं बाहेर पडावं, हे ते ध्वनिक्षेपकावरून पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यांच्या आवाजामुळे कितीतरी लोक वाचले. आमच्या गावचे कितीतरी जण रोज त्याच फलाटावरून घरी येत. त्या रात्री कर्जतमध्ये कोण झोपलं असेल?

मैफल अर्थातच पुढे ढकलली. पण कलाकार निघून गेले नाहीत. जेथ्रो टल आणि अनुष्का शंकर यांनी ठरवलं, की हीच मैफल आता हल्ल्यात पोळलेल्यांच्या मदतीसाठी करायची. ५ डिसेंबरला ती झाली. नाव ठेवलं 'अ बिलियन हँड्स', म्हणजे अब्जावधी हात.

काकूंनी साफ सांगितलं, "जायचं नाही." काका म्हणाले, "उद्या कचेरीला त्याच स्टेशनात उतरणार आहे ना मी? मग आज का नको?" आणि गेले. काकूंनी त्या रात्री दिवा मालवला नाही.

काका ती आठवण अजून सांगतात. दारात कसून तपासणी झाली. लोक एरवीसारखे ओरडत नव्हते, हळू बोलत होते. बासरी सुरू झाली तेव्हा सुराआधी फुंकेचाच आवाज आला. इयन फुंकता फुंकता गुणगुणतो, त्यामुळे एकाच माणसाचे दोन आवाज निघतात. मग त्यानं पाय उचलला आणि शेजारचा अनोळखी माणूस लहान मुलासारखा हसला. "नऊ दिवसांत पहिल्यांदा मी कुणाला असं हसताना पाहिलं," काका म्हणतात. तबकडीवर हे मिळत नाही. सूर तेच असतात, पण शेजारचा माणूस नसतो.

शेवटची कर्जत त्यांना मिळाली. डबा जवळजवळ रिकामा होता. एक भजनवाला भेटला. दोघांनी कल्याणपासून टाळ न घेताच अभंग म्हटले.

आमचा बेंजो, आमची ढोलकी

खोपोलीहून चौकच्या रस्त्याला लागलं की इर्शाळगड दिसतो. त्याच्या पोटाशी ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री पावसात डोंगर खाली आला आणि वाडीवर कोसळला. अनेक माणसं गेली. त्यांत तुमच्याएवढी मुलंही होती. दोन महिन्यांनी गणपती आले. आमच्या आळीत दरवर्षी बेंजो पार्टी ठरते. तुम्हाला माहीतच आहे, बेंजो लागला की पाय घरात राहत नाहीत. त्या वर्षी मुलांनीच सांगितलं, बेंजो नको, ते पैसे मदतीला द्या. विसर्जनाला नुसत्या टाळ-मृदुंगावर भजन झालं. काका पुढे होते. पुढच्या वर्षी बेंजो परत आला, तेव्हा काका त्यातही पुढेच होते! कधी थांबायचं आणि कधी वाजवायचं, हे वाजवणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना दोघांनाही कळावं लागतं.

आई-बाबांनो, तुम्हाला एक विनंती. मुलांना एकदा तरी समोर बसून संगीत ऐकवा. रॉकच हवं असं नाही. गौरीच्या दिवसांत ठाकरवाडीतली ढोलकी ऐकवा, गावच्या देवळातलं भजन ऐकवा. मोबाइल खिशात ठेवा आणि वादकाच्या बोटांकडे बघा.

आणि मुलांनो, तुम्हाला गृहपाठ. घरातल्या आजी-आजोबांना किंवा शेजारच्या काका-मावशीला विचारा, "तुम्ही प्रत्यक्ष ऐकलेलं सगळ्यात छान गाणं कुठलं? कुठे ऐकलं? शेजारी कोण बसलं होतं? घरी कसे परत आलात?" चारही उत्तरं वहीत लिहा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका हं, खरी गंमत पुष्कळदा त्यातच असते.

वही भरली की या कर्जतला. पावसाळ्यात आलात तर खिडकीची जागा धरा आणि एक छत्री जास्तीची आणा.