पाळीआधीची पाच मिनिटं

फाउंड्रीत धड बोलणं होतं ते पाळी सुरू होण्याआधीच. एकदा नॉकआउटचं मशिन हलू लागलं की शेजारच्याची हाकसुद्धा ऐकू येत नाही. पुढचे आठ तास सगळा कारभार हातवाऱ्यांवर. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत सुपरवायझरकी करण्यात माझी बरीच वर्षं गेली, पण एवढी साधी गोष्ट कळायला मला वितळलेलं बीड ओतायचा एक ओला लॅडल लागला.

तेव्हा मीटिंग म्हणजे माझं भाषण. सातला पाच कमी असताना सगळे फर्नेससमोर उभे राहत आणि मी कालचं रिजेक्शन वाचून दाखवायचो. ब्लो होल किती, गॉगल कुठाय, हेल्मेट का नाही. माणसं माना डोलवायची. त्या दिवशीही डोलवल्या. मग पाण्याच्या पिंपापाशी एक मामा सहज म्हणाले, "सायेब, दोन नंबरचा लॅडल रातच्याला थापलाय. वाळला न्हाई त्यो अजून."

रजिस्टरात रात्रपाळीनं लिहिलं होतं, 'लॅडल अस्तर ओके'. अस्तर खरंच ओके होतं. बर्नर लावून ते तापवायचं राहिलंय, हे मात्र कुणी लिहिलं नव्हतं. मी हात लावून पाहिला. गार आणि दमट.

बिडाचा रस चौदाशे अंशांच्या आसपास असतो. अस्तरातल्या पाण्याची त्यात क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. ती जागा ती रस उडवून करून घेते.

"मामा, हे मघाशी का नाही सांगितलं?"

"तुमी बोलत हुतासा न्हवं!"

दुसऱ्या दिवसापासून आधी त्यांनी बोलायचं, मग मी. पहिले आठ-दहा दिवस नुसत्या तक्रारी: संडासात पाणी नाही, चहा पांचट. मी वैतागलो, पण नळ दुरुस्त करून घेतला. त्यानंतर कुठे मशिनांबद्दल तोंडं उघडली.

मालकांचा हिशेब असा, की चोवीस माणसांची पाच-पाच मिनिटं म्हणजे रोज दोन तास फुकट. गुणाकार बरोबर आहे. पण त्या पाच मिनिटांत मला चेहरे दिसतात. शेतीपंपाला रात्रीची लाइट असली की पोरं रात्रभर उसाला पाणी पाजून थेट पाळीला येतात, उभ्याउभ्या पेंगत. अशाला मी ओतकामावर धाडत नाही, कोअर शॉपमध्ये बसवतो.

मामा रिटायर झाले. आता निम्मी माणसं बिहार-ओडिशाकडची, मीटिंगही निम्मी हिंदीत. परवा मी आवरतं घेणार, तेवढ्यात मागून एक नवा पोरगा पुटपुटला, "साब, क्रेन का ब्रेक थोड़ा फिसल रहा है." रस तयार होता, फर्नेसवाला माझ्याकडे बघत होता. मी मेंटेनन्सवाल्याला बोलावलं. पहिली हीट पाऊण तास उशिरा ओतली.