नामिबियातला पाहुणा शिकारी

परदेशी माणसाने पैसे भरून, स्थानिक परवानाधारक मार्गदर्शकाच्या सोबतीने आणि त्याच्याच देखरेखीखाली मोठ्या वन्यप्राण्यांची शिकार करावी, या व्यवहाराला आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात रीतसर धंद्याचे रूप आलेले आहे, आणि नामिबियात तो धंदा कायद्याच्या चौकटीत जितका बारकाईने बसवलेला दिसतो तितका फार थोड्या देशांत दिसत असेल. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार ही गुन्ह्याच्या बातम्यांत आणि संस्थानी आठवणींतच उरली, त्यामुळे मराठी वाचकाच्या मनातल्या शिकारीच्या चित्रात अजूनही मचाण असते, रानातून हाका घालत येणारी माणसे असतात आणि बंदूक घेऊन बसलेला एक धनी असतो, ज्याच्या इच्छेभोवती बाकी सारे फिरते. नामिबियातील शिकार मुख्यतः पायी, माग काढत होते, आणि तेथे बंदूक ज्याच्या हाती असते तोच त्या मंडळींत सर्वांत अजाण असतो. प्रस्तुत लेखक अशाच एका प्रवासात केवळ सोबती म्हणून, म्हणजे स्वतः शिकार न करता पाहण्यापुरते दिवसाचे शुल्क भरून, सहभागी झाला होता. पाहुण्याच्या या अजाणतेपणाची जाण कायद्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सर्वांना आधीच असते, हे त्या प्रवासात पावलोपावली जाणवत गेले.

या जाणिवेची पहिली खूण विंडहूक शहराच्या पूर्वेस सुमारे ४५ किलोमीटरांवर असलेल्या होसिआ कुटाको विमानतळावरच दिसते. तेथे पोलिसांच्या खिडकीपुढे शिकारी आपापल्या कुलूपबंद पेट्या उघडून उभे राहतात, रायफलीवरचा क्रमांक अर्जातील क्रमांकाशी ताडून पाहिला जातो, काडतुसे त्याच रायफलीची आहेत की नाहीत हे तपासले जाते, आणि मग तात्पुरत्या आयातीचा परवाना हाती पडतो. पिस्तुले आणि स्वयंचलित शस्त्रे शिकारीसाठी आणता येत नाहीत. याहून लक्षणीय अट गोळीच्या ऊर्जेची आहे: नळीच्या तोंडातून बाहेर पडताना गोळीत किमान किती ऊर्जा असावी हे प्राण्यानुसार ठरलेले असून स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणासाठी १,३५० जूल, कुडू आणि ओरिक्ससारख्या मोठ्या कुरंगांसाठी २,७०० जूल, तर हत्ती आणि रानम्हैस यांसाठी ५,४०० जूल असा तो हिशेब आहे. कमी ताकदीची गोळी प्राण्याला न मारता जखमी करते, आणि आपली बंदूक अपुरी आहे हे पाहुण्याला बहुधा प्राणी पळून गेल्यावरच समजते, म्हणून हा निर्णय त्याच्यावर सोडलेला नाही.

विंडहूकहून उत्तरेकडे निघालेला रस्ता ओकाहांजावरून ओत्जिवारोंगोकडे जातो. दोन्ही बाजूंना तारेचे कुंपण तुटत नाही, कुंपणापलीकडे आपल्याकडच्या बाभळी-खैराच्या कुळातली काटेरी झुडपे मैलोन्‌मैल पसरलेली असतात, आणि पाच-दहा हजार हेक्टरांचे शेत ही येथे बढाईची गोष्ट मानली जात नाही, कारण पाऊस इतका कमी की एका गाईला पोटभर चारा मिळायचा तर त्याला बरीच जमीन लागते. या जमिनींची मालकी कशी आली हे शिकारीच्या माहितीपत्रकांत सहसा नसते. १९०४ मध्ये ओत्जिवारोंगोच्या पूर्वेकडील वॉटरबर्गच्या पठाराजवळ जर्मन वसाहतवादी सैन्याने हेरेरो लोकांचा पराभव केला, त्यांना निर्जल वाळवंटात हाकलले, आणि त्या नरसंहारानंतर मोकळी झालेली कुरणे गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या हाती गेली. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या अमलाखाली १९६७ च्या आणि त्यानंतर १९७५ च्या अध्यादेशाने या खाजगी शेतांच्या मालकांना आपल्या जमिनीवरील काही वन्यप्राण्यांवर अटींसह हक्क मिळाला. तोवर कुरणाचा वाटेकरी म्हणून नकोसा वाटणारा कुडू त्यामुळे उत्पन्नाचे साधन झाला आणि शेतांवरील वन्यप्राण्यांची संख्या वाढली, असे या व्यवस्थेचे समर्थक सांगतात, आणि ते बरोबरच आहे. मात्र कोणाच्या शेतांवर, हा प्रश्न त्या वाक्यात झाकला जातो.

शेतावर पोहोचल्यावर पाहुण्याला प्रथम निशाणाच्या फळ्यापुढे उभे केले जाते. विमानप्रवासात दुर्बीण हलली असेल, तिचा नेम पुन्हा जुळवावा, हे त्याचे अधिकृत कारण होय. खरे कारण असे की मार्गदर्शकाला पाहुणा पाहायचा असतो. घरी टेबलावर वाळूची पिशवी ठेवून, बसून आणि श्वास आवरून नेमबाजी केलेली असते, तर येथे तीन काठ्या वरच्या टोकाशी बांधून केलेल्या उंच तिपाईवर रायफल टेकवून, उभ्याने, धाप लागलेली असताना नेम धरावा लागतो. टेबलावर एका नाण्यात गोळ्या बसवणारा माणूस तिपाईवर हातभर इकडेतिकडे जातो. हे पाहून मार्गदर्शक काही बोलत नाही, पण त्या पाहुण्याला दोनशे मीटरांवरून गोळी झाडू द्यायची की शंभराच्या आत नेऊन उभे करायचे, हे त्याच्या मनात तेथेच ठरते. अशा प्रवासाला निघणाऱ्याने नवी, जास्त धक्का देणारी रायफल विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या रायफलीसह तिपाईवरचा सराव करून यावा, असे मार्गदर्शक आवर्जून सांगतात. रायफलींच्या दुकानदारांना हा सल्ला फारसा आवडण्यासारखा नाही.

मार्गदर्शकांच्याही पायऱ्या आहेत. सर्वांत खालचा परवाना असलेला मार्गदर्शक फक्त ज्या शेतासाठी त्याची नोंदणी आहे तेथेच पाहुणा नेऊ शकतो, व्यावसायिक शिकारी म्हणवणाऱ्याला ती मर्यादा नसते, आणि हत्तीसारख्या धोक्याच्या प्राण्यांसाठी वेगळी पात्रता लागते. पाहुण्याने एकट्याने शिकारीला जाणे कायद्यात बसतच नाही. परंतु परवान्यांच्या या उतरंडीत ज्याला जागा नाही असा एक माणूस सर्वांच्या पुढे चालत असतो, तो म्हणजे माग काढणारा. त्याच्या हाती बहुधा राखेची पुरचुंडी असते. ती झटकली की राख कोणत्या बाजूला वाहते यावरून वारा कळतो, आणि वारा पाठीवर असेल तर तासाभराची चाल सोडून देऊन मोठा वळसा घेतला जातो. दगडाळ जमिनीवर खुराची कड कोठे उमटली आहे, ती कड उन्हाने वाळली आहे की अजून ओलसर आहे, लेंड्या किती ताज्या आहेत, कळपातले एक जनावर मागे का रेंगाळते आहे, हे तो चालता चालता वाचतो आणि क्वचितच थांबतो. पाहुण्याला यातले जवळजवळ काहीच दिसत नाही. त्याच्या वाट्याला येणारे शिक्षण अगदी प्राथमिक असते: पाय टाच न आपटता टाकावा, काट्यात अडकलेली बाही ओढू नये, पुढचा थांबला की थांबावे.

सर्वांत अवघड क्षण नेमाच्या आधीचा असतो. ओरिक्स या करड्या, तलवारीसारख्या सरळ शिंगांच्या कुरंगात नर आणि मादी दोघांनाही शिंगे असतात, आणि मादीची शिंगे बहुधा अधिक लांब पण बारीक असतात, तर नराची बुंध्याशी जाड. लांब शिंगे म्हणजे मोठी शिकार या समजुतीने आलेला पाहुणा म्हणूनच नेमके गाभण जनावर निवडण्याची शक्यता असते. कुडूमध्ये फक्त नराला पिळदार शिंगे येतात, परंतु तेथे प्रश्न वयाचा असतो: शिंगांचे पीळ पूर्ण होऊन टोके बाहेर वळली आहेत का, मान भरली आहे का, पाठ खचली आहे का, हे पाहून त्याने आपला प्रजननाचा काळ उपभोगला आहे की नाही याचा अंदाज बांधला जातो. १८९२ मध्ये लंडनच्या रोलंड वॉर्ड यांनी सुरू केलेल्या नोंदपुस्तकाने शिंगांची लांबी मोजण्याची सवय शिकाऱ्यांना लावली, आणि लांबी हाच निकष झाल्यावर ऐन भरातले नर मारले जाऊ लागले. त्यावर उतारा म्हणून नामिबियातील व्यावसायिक शिकाऱ्यांच्या संघटनेने वयाला गुण देणारी मोजणी पुढे आणली, ज्यात झिजलेल्या शिंगांचा म्हातारा नर अधिक मोलाचा ठरतो. पाहुण्यांपैकी किती जण मनापासून त्या मोलाशी सहमत होतात, याविषयी लेखकाला शंका आहे. मार्गदर्शकाचा मात्र आग्रह असतो, आणि म्हणून तिपाईपाशी कुजबुजत होणारे संभाषण पुष्कळदा नकाराचे असते: डावीकडून तिसरा, नाही, तो आता चौथा झाला, त्याच्या मागे मादी आहे, थांबा. कळप एका जागी उभा राहत नाही, दोघांची मोजणी वेगवेगळ्या झुडपापासून सुरू होते, आणि दोघांनाही अर्ध्यामुर्ध्याच येणाऱ्या इंग्रजीत हा सारा व्यवहार चाललेला असतो. आपण पाहतो तेच जनावर मार्गदर्शक पाहत आहे याची खात्री नसताना घोड्यावरचे बोट काढून घेणे, एवढा एकच निर्णय पूर्णपणे पाहुण्याचा असतो.

गोळी लागल्यावरचा भाग छायाचित्रांत नसतो. आफ्रिकेतील कुरंगांचे हृदय युरोप-अमेरिकेतील हरणांच्या मानाने छातीत अधिक खाली आणि पुढे असते, म्हणून घरच्या सवयीने खांद्यामागे मध्यावर धरलेला नेम चुकीच्या जागी लागतो. येथे पुढच्या पायाच्या रेषेतच, शरीराच्या खालच्या एक तृतीयांश भागात नेम धरायला शिकवले जाते. जखमी ओरिक्स पळून जातो, आणि कोंडीत सापडला तर शिंगांनी कुत्रे व माणूस दोघांनाही भोसकू शकतो. शिकारीच्या करारात रक्ताचा थेंब दिसला की प्राण्याची पूर्ण किंमत द्यावी, मग तो सापडो वा न सापडो, असे कलम सर्रास असते. ते वरकरणी व्यापारी वाटते, पण लांबून आणि घाईने गोळी झाडण्याच्या मोहाला त्यानेच सर्वांत जास्त आळा बसतो. माग निघाला तर संध्याकाळपर्यंत चालत राहणे हा मार्गदर्शकाच्या अब्रूचा प्रश्न असतो, पाहुणा थकून गाडीत बसला तरीही.

मेलेले जनावर सोलण्याच्या शेडमध्ये जाते, आणि तेथे पाहुण्याचा हक्क कवटी, शिंगे व कातडे एवढ्यापुरता उरतो. मांस शेताचे असते: काही कामगारांना वाटले जाते, काही खाटकाला विकले जाते, आणि काही मीठ-मसाला लावून, वाळवून बिल्टाँग म्हणून टांगले जाते.

मार्गदर्शकावर विसंबणे इतके सर्वव्यापी असेल तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न २०१५ च्या जुलैमध्ये झिंबाब्वेत मोठ्या कडवटपणे पुढे आला. ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेबाहेर एका अमेरिकन पाहुण्याने सेसिल नावाने ओळखला जाणारा सिंह प्रथम बाणाने जखमी केला आणि कित्येक तासांनी तो मारला गेला. त्याच्या गळ्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी घातलेला पट्टा होता. शिकार कायदेशीर असावी याबाबत आपण स्थानिक व्यावसायिकांवर विसंबलो होतो, असा पाहुण्याच्या स्पष्टीकरणाचा आशय होता. ते स्पष्टीकरण खोटे मानण्याचे कारण नाही, आणि नेमके म्हणूनच ते अस्वस्थ करणारे आहे: ज्याला काही कळत नाही अशा माणसाच्या हाती बंदूक देणारी व्यवस्था मार्गदर्शकाच्या सचोटीएवढीच भक्कम असते. नामिबियातील अनेक मार्गदर्शक हे उघडपणे मान्य करतात.

ओत्जिवारोंगोशी भारताचा एक ताजा संबंध आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडलेले आठ चित्ते याच गावाजवळच्या संवर्धन केंद्रातून आले होते. कोल्हापूरच्या संस्थानात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काळविटांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणून पाळले जात, त्यामुळे या वाटेने चित्ता भारतात येण्याची ही पहिली वेळ नव्हे. नामिबियात मात्र चित्ता गोठ्यातली वासरे नेतो म्हणून शेतकऱ्याचा वैरी असतो, आणि १९९२ पासून जिवंत चित्ते व शिकारीचे अवशेष मिळून वर्षाला १५० इतक्याच निर्यातीची आंतरराष्ट्रीय मुभा त्या देशाला आहे.

खाजगी शेतांपुरता असलेला वन्यप्राण्यांवरील हक्क सामूहिक जमिनीवरच्या लोकांना स्वातंत्र्यानंतर, १९९६ च्या दुरुस्तीने मिळाला. तो घेणाऱ्यांत ईशान्येकडील न्याए न्याए हे सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटरांचे सामूहिक संवर्धनक्षेत्र अगदी पहिल्यांपैकी होते. तेथे जाताना ग्रूटफोंटेनच्या पुढे पशुवैद्यकीय कुंपणाचे फाटक लागते, कारण लाळ्या-खुरकुताची साथ दक्षिणेकडच्या निर्यातीच्या गुरांत येऊ नये म्हणून कच्च्या मांसाला ही रेषा ओलांडून दक्षिणेस येता येत नाही. पलीकडे झु-होआन्सी लोक राहतात, ज्यांचे पूर्वज भुंग्याच्या अळीचे विष लावलेल्या बाणाने शिकार करीत आणि जखमी जनावराचा माग काढत राहत. आज त्यांच्या क्षेत्रात परदेशी पाहुण्यांना हत्तीच्या शिकारीचे परवाने दिले जातात, उत्पन्नाचा काही भाग सदस्यांना रोख मिळतो आणि मांस वाट्याने दिले जाते. हे परवाने बंद करावेत असे दूरच्या शहरांतून सुचवणाऱ्यांनी त्या रोख रकमेच्या जागी काय येईल तेही सांगायला हवे. आणि हत्तीवरची गोळी मात्र नेहमी दुसऱ्याचीच का, हा प्रश्न परवाने विकणाऱ्यांनाही विचारायला हवा.

याच झु-होआन्सींपैकी तिघे माग काढणारे २०१३ मध्ये स्वतः परदेशी गेले. फ्रान्समधील पिरेनीज पर्वताच्या परिसरातील गुहांत हिमयुगातील माणसांच्या पावलांचे ठसे चिखलात टिकून आहेत, आणि ते वाचण्यासाठी जर्मन पुरातत्त्वज्ञांनी त्यांना बोलावले होते. त्यांपैकी एका गुहेतील टाचांच्या ठशांना विधीनृत्याची खूण मानण्याची प्रथा पडली होती. तिघांनी ते ठसे पाहून तेथे एक प्रौढ पुरुष आणि एक किशोरवयीन मूल माती घेऊन टाचांवर चालले होते, असे सांगितले. शिकारीच्या नोंदपुस्तकात शिंगांच्या लांबीसमोर गोळी झाडणाऱ्या पाहुण्याचे नाव येते. २०१५ मध्ये त्या गुहांवर प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाच्या लेखकांत पुरातत्त्वज्ञांच्या बरोबरीने माग काढणाऱ्या तिघांचीही नावे आहेत.